फरामर्जचा जबाब

१ मार्च २०२२
आज माझ्या नवऱ्याचा, फरामर्जचा, आश्रयाच्या अर्जासाठीचा जबाब पुरा झाला. हार्टलपूलहून मिडल्सब्रोला गाडीने चाललेल्या आमच्या खेपा संपल्या. वकील क्रॅडकसाहेब म्हातारे आहेत, कानात यंत्र घालतात, पण घाई करत नाहीत. फरामर्ज बोलायचा, दुभाषी ते इंग्रजीत सांगायचा, साहेब लिहायचे आणि मग लिहिलेलं सगळं वाचून दाखवायचे.

फरामर्ज इतका सरळ बोलत गेला की मीच त्याच्याकडे बघत राहिले. इराणात, आमच्या बुरूजर्दमध्ये निदर्शनं झाली त्या आठवड्यात त्याच्या धाकट्या भावाला, ईरजला, चौकातून उचललं. काही दिवसांनी प्रेत दिलं आणि सोबत एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, ईरज डोक्याने आजारी होता, त्याने स्वतःच गच्चीवरून उडी घेतली, घरच्यांना हे मान्य आहे. सही थोरल्या भावाने करायची. फरामर्जने केली नाही. उलट परदेशातल्या एका रेडिओला फोनवर सांगितलं की माझ्या भावाचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठीक होतं. मग दोन माणसं त्याच्या चष्म्याच्या दुकानात आली आणि त्याला घेऊन गेली. तीन आठवडे तळघरात ठेवलं. तिथून सुटला तसे आम्ही तुर्कस्तानात पळालो आणि पुढे इथे, इंग्लंडला आलो.

तळघरातलं त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा ऐकलं, तेही एका परक्या माणसाला सांगताना. कोणती बोटं, कशाने, कुणी, सगळं. समोरच्या माणसाच्या सदऱ्याचं एक बटण तुटलेलं होतं, तेसुद्धा त्याला आठवत होतं.

साहेब म्हणाले, "तुमच्याकडे कागद एकही नाही. अटकेचा नाही, सुटकेचा नाही. तेव्हा पुरावा म्हणजे आगा फरामर्ज स्वतः. गृहखात्याची मुलाखत होईल, तिथे हेच आणि असंच सांगायचं. सहाएक महिन्यांत बोलावतील." इंग्रजीतल्या "मिस्टर"चं "आगा" दुभाषी करत होता.

बाहेर आल्यावर फरामर्ज म्हणाला, "त्यांच्या चष्म्याची उजवी दांडी वाकलीय. सांगायला हवं होतं."

"भावाच्या मरणाची गोष्ट सांगत होतास, आणि बघत होतास त्यांचा चष्मा?"

"समोरच होता ना."

इंग्रजीच्या वर्गातल्या बाई म्हणतात, रोज चार ओळी लिहीत जा. मला इंग्रजीत चार ओळी जुळत नाहीत. सारी नोकरी बुरूजर्दच्या शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवण्यात गेली, ती आपल्या फारसी भाषेत. मग तिच्यातच लिहिते.

४ सप्टेंबर
सहा महिने उलटले. वकिलांच्या कचेरीत फोन केला. पोरगी गोड आवाजात म्हणाली, अजून काही आलं नाही, आलं की कळवू.

सकाळी फरामर्ज गॅसवर किटली ठेवून समुद्रावर निघून गेला. मी न्हाणीत होते. खालच्या मजल्यावरच्या ॲलनला जळका वास आला म्हणून तो वर आला आणि दार बडवायला लागला. किटलीचा तळ गेला. ॲलन सत्तरीचा आहे, पूर्वी गोदीत होता, आता एकटाच असतो. मला "पेट" म्हणतो. पाळीव मांजराला तसं म्हणतात असं शब्दकोशात सापडलं तेव्हा मला राग आला होता, पण इथे सगळ्याच बायकांना तसं म्हणतात.

फरामर्ज परत आला. किटली बघून विचारतो, "ही कुणी ठेवली?"

"दोघंच राहतो ना आपण? का जिन्न येऊन चहा करतात?"

तो हसला. त्याचं हे हसणं मला सहन होत नाही. घर सोडायचं माझं जास्त चाललं होतं, त्याचं नव्हतं. त्याचा सूड तो असा उगवतो की काय, असं कधी कधी वाटतं.

१९ नोव्हेंबर
काही नाही. धुकं. वकिलांचा फोन लागला नाही.

१२ जानेवारी २०२३
वकिलांच्या कचेरीचं पत्र आलं. क्रॅडकसाहेब आता तिथे नाहीत. प्रकरण मिस हेपवर्थ यांच्याकडे दिलं आहे, त्या कागद वाचून वेळ कळवतील, तोवर धीर धरावा.

मी फरामर्जला सांगितलं, "क्रॅडकसाहेब गेले."

"कोण क्रॅडक?"

बरोबरच आहे. ज्याला आपण आतडी काढून दाखवली तो निरोप न घेता गेला, तर म्हणावंच, कोण क्रॅडक? मलाही तसंच वाटत होतं.

२१ मार्च
नवरोज. गहू आठवड्यापूर्वीच भिजत घातला होता, कोवळे हिरवे कोंब छान आलेत. सफरचंद, लसूण, व्हिनेगर इथल्या दुकानात मिळालं. सुंबुलाची फुलं मिळाली नाहीत, ॲलनने कुठूनशी पिवळी फुलं आणून दिली. मासा तळला, हिरव्या पाल्याचा भात केला.

फरामर्जने मेजावर तीन ताटल्या मांडल्या.

"तिसरी कुणाची?"

"ईरजची. तो नेहमी उशीर करतो."

मला भरून आलं. इतक्या दिवसांत त्याने भावाचं नाव घेतलं नव्हतं. मी तिसऱ्या ताटलीत भात वाढला, माशाचा मधला तुकडा ठेवला. जेवताना त्याने दोनदा दाराकडे बघितलं. संध्याकाळी मी तो भात पक्ष्यांना घातला, तेव्हा तो माझ्यावर रागावला. असं प्रेम मी भावाभावांत पाहिलेलं नाही.

९ जून
मिस हेपवर्थ पोरगेलीच आहे. नखं कुरतडते. मेजावर फायलींचे ढीग, आमची फाइल शोधायलाच तिला वेळ लागला. दुभाषी फोनवर होता, हेरातचा माणूस, त्याची भाषा आपलीच पण वळण वेगळं.

तिने जुना जबाब वाचायला घेतला. दुकानातून नेलं तिथे आल्यावर फरामर्ज म्हणाला, "दुकानातून नाही. घरातून."

मी म्हटलं, "काय बोलतोस? दुकानातून. मी घरी चुलीशी आश ढवळत होते, शेजारच्या न्हाव्याचा पोरगा धावत सांगायला आला."

"तूबा, मी होतो की तू होतीस?"

मिस हेपवर्थ म्हणाली, "त्यांना स्वतः बोलू द्या, प्लीज." मग तिने तारखा विचारल्या. त्याने ईरजच्या मरणाची तारीख सांगितली ती आमच्या लग्नाची होती. मी तोंड दाबून बसले.

सगळा घोळ त्या हेरातच्या माणसाचा. फोनवर आवाज तुटत होता, प्रश्नच धड ऐकू येत नव्हता. गाडीत मी फरामर्जला तसं म्हटलं. तो खिडकीतून बघत म्हणाला, "हो. तो माणूसच ठीक नव्हता."

मुलाखतीचं विचारलं तर मिस हेपवर्थ म्हणाली, "या वर्षात होईल अशी आशा आहे." तिचा चेहरा काही तसं सांगत नव्हता.

२३ सप्टेंबर
ॲलन आज जिन्यात बसून बराच वेळ बोलला. माझं इंग्रजी अर्ध्यावर लंगडतं, पण समजलं ते असं. त्याची बायको डोरीन. हळूहळू गेली, म्हणाला. एकदम नाही, थोडी थोडी. आधी सांगायची नाही, मग एक दिवस त्याला सोडून निघून गेली, म्हणजे होती घरातच, पण गेलेली. असं काहीतरी. मी मान हलवत राहिले. इतका साधा माणूस, आणि बायकोचं मन दुसरीकडे. तिला कसं सुचलं असेल. मग त्याने आपल्या कपाळावर बोट टेकवलं आणि वर, आमच्या दाराकडे बघितलं. बायकोच्या आठवणीने डोकं दुखत असेल.

त्याने एका दवाखान्याचं कार्ड दिलं. फरामर्जचा गुडघा दुखतो ते त्याच्या लक्षात आलेलं दिसतं. मी ते चमच्यांच्या खणात ठेवून दिलं.

१६ नोव्हेंबर
मुलाखत झाली. अखेर झाली.

महिनाभर मी त्याची तयारी करून घेतली होती. पहिलीच्या मुलांना घेते तसंच, आधी छोटे प्रश्न, मग मोठे. सकाळी त्याला चांगलं येत होतं. मी बाहेर बाकावर बसले. तो दुपार उलटल्यावर बाहेर आला, चेहरा खुललेला.

"काय विचारलं?"

"फार सभ्य माणूस होता. पाणी दिलं."

"तू काय सांगितलंस?"

"सगळं."

"सगळं म्हणजे? दुकान सांगितलंस? रेडिओ? तळघर?"

"सगळं सांगितलं, तूबा. आता चल, मला भूक लागलीय."

वाटेत चिप्स घेतल्या. त्याने माझ्याही खाल्ल्या. मी खूप दिवसांनी निवांत झाले आहे.

८ फेब्रुवारी २०२४
नकार.

मिस हेपवर्थने पत्र दुभाष्याकडून वाचून घेतलं. आज दुभाषी बाई होती, इस्फहानची, समोर बसलेली. म्हणजे तिच्यावर ढकलता येणार नाही. खात्याचं म्हणणं असं. जबाबात दुकानातून नेलं म्हटलं, मुलाखतीत घरातून, पुढे बागेतून. तळघराबद्दल विचारल्यावर अर्जदार म्हणाला, तळघरात आम्ही काचांचा माल ठेवतो. भावाबद्दल तो म्हणाला, बुरूजर्दला असतो, त्याला चित्रपटांचा नाद आहे. ज्याचा भाऊ कोठडीत मेला तो असं बोलणार नाही. म्हणून अर्जदाराची हकिगत बनावट आहे.

फरामर्ज शेजारी बसून सगळं ऐकत होता. दुसऱ्या कुणाचं चाललंय असा.

मिस हेपवर्थ म्हणाली, आपण अपील करू. मग नखं कुरतडायची थांबली आणि हळू आवाजात विचारलं, "आगा फरामर्ज अलीकडे डॉक्टरांकडे गेले होते का? स्मरणशक्तीसाठी?"

मी ताडकन उभी राहिले. मी म्हटलं, "बाई, ईरज डोक्याने आजारी होता असा कागद त्यांनी आमच्यापुढे ठेवला होता. त्यावर सही केली नाही म्हणून या माणसाची बोटं मोडली. आता तुम्ही तोच कागद त्याच्या नावाने काढता? आमच्या घरात कुणी वेडं नाही."

इस्फहानची बाई भाषांतर करताना अडखळली. मिस हेपवर्थ म्हणाली, "मी वेडं म्हटलं नाही." मी फरामर्जचा कोट उचलला आणि निघाले. तो दारापर्यंत आला, मागे वळून त्या दोघींना म्हणाला, "तुम्हाला त्रास झाला, माफ करा." त्याच्या रीतभातीत कधी चूक होत नाही.

२ मार्च
अपील दाखल झालं. सुनावणीची तारीख यायला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही.

२७ एप्रिल
हे लिहायचं नव्हतं.

दुपारी जेवण झाल्यावर मी त्याला समोर बसवलं. म्हटलं, आता मी खात्याची बाई आणि तू तू. पडदे उघडे होते, बाहेर समुद्रपक्षी ओरडत होते.

"कुठून नेलं?"

"घरातून."

"दुकानातून. परत. कुठून नेलं?"

"दुकानातून."

"किती माणसं होती?"

तो मेजाची कड नखाने खरवडायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे बघ. किती माणसं?" तो खरवडतच राहिला. "ईरजला काय झालं? फरामर्ज, ईरजचं काय झालं ते सांग." माझा आवाज चढला. त्याला सगळं येतं आणि तो मुद्दाम सांगत नाही, मला छळतो, असंच त्या क्षणी वाटत होतं. मी मेजावर जोरात हात आपटला.

त्याने दोन्ही पंजे मेजावर पालथे ठेवले, बोटं एकमेकांपासून दूर करून, अगदी माझ्यापुढे. आणि मान खाली घालून म्हणाला, "आगा, मारू नका. द्या तो कागद. करतो मी सही."

मला तो आगा म्हणाला.

त्याचे हात तसेच होते. मी त्यांच्यावर माझे हात ठेवायला गेले तर त्याने डोळे मिटून घेतले. मग त्याने आपणच हात उचलले, इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "चहा आहे का गं?"

तळघरात तीन आठवड्यांत जे ते त्याच्याकडून काढू शकले नाहीत, ते मी एका दुपारी काढलं.

पाठांतर बंद. काहीतरी झालंय त्याला. त्याला काय म्हणतात ते मला अजून म्हणायचं नाही.

३० मे
तो सकाळी ब्रेड आणायला गेला आणि आला नाही. मी गल्ल्या पालथ्या घातल्या. ॲलनने त्याला बंदरावर गाठलं, तिथे उभ्या असलेल्या माणसांना तो दुकानाचा पत्ता विचारत होता. बुरूजर्दच्या दुकानाचा.

ॲलनने त्याला घरी आणून बसवलं आणि मोबाइल काढला. तो इंग्रजीत बोलला, मोबाइल आमच्या भाषेत बोलला, यंत्राच्या आवाजात. माझ्या बायकोला हाच आजार होता. मी पण तीन वर्षं मानलं नाही. ती विसराळू आहे म्हणायचो, मग हट्टी आहे म्हणायचो. तिच्यावर ओरडायचो.

म्हणजे डोरीन कुणाबरोबर गेली नव्हती. आणि मी मनातल्या मनात त्या बाईला काय काय बोलले होते.

मी चमच्यांच्या खणातून कार्ड काढलं.

१८ जून
डॉक्टरांनी त्याला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. त्याने एका झटक्यात गोल काढला, परकाराने काढावा तसा. आयुष्यभर काचा कापणारा हात. डॉक्टर म्हणाले, आता यात नंबर घाला. फरामर्जने पेन खाली ठेवलं आणि समजावलं, "असा कसा घालू? आधी डोळे तपासावे लागतील. मग नंबर."

डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही. त्यांनी मोठ्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. तिकडची रांग मोठी आहे.

मिस हेपवर्थला मी फोनवर सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "थँक यू, तूबा-खानम." खानम म्हणायला ती केव्हा शिकली कोण जाणे. तज्ज्ञांचा अहवाल मिळेपर्यंत सुनावणी पुढे ढकला, असा अर्ज ती करणार आहे. दोन वर्षं आम्ही तारीख लवकर द्या म्हणून विनवत होतो. आता उशिरा द्या म्हणून विनवायचं.

५ ऑगस्ट
तज्ज्ञांची वेळ आली नाही. सुनावणीची मात्र आली.

सध्या रस्त्यांवर दंगे चालू आहेत, आमच्यासारख्यांच्या विरोधात. आमच्याही गावात झाले. ॲलन म्हणाला, बाहेर पडू नका, आणि आपणच ब्रेड-दूध आणून दिलं. फरामर्ज खिडकीशी उभा राहून विचारत होता, "ईरज बाहेर आहे का?"

"नाही," मी म्हटलं, "घरात आहे."

तो शांत झाला. मी पहिल्यांदा असं बोलले. ते किती सोपं होतं.

१७ सप्टेंबर
न्यूकॅसलला सुनावणी होती. फरामर्जला ॲलनचा कोट घातला, बाह्या थोड्या लांब झाल्या.

न्यायाधीश बाई होत्या, बोलणं मऊ. मिस हेपवर्थने उभं राहून सांगितलं की तज्ज्ञांची तपासणी व्हायची आहे, माझे पक्षकार जबाब देण्याच्या अवस्थेत नाहीत, त्यांना प्रश्न विचारू नयेत. सरकारी वकील म्हणाला, आमच्यापुढे अजून तसा अहवाल नाही. दोघं बोलत होते तेवढ्यात फरामर्जने हात वर केला, शाळेत करतात तसा.

न्यायाधीश म्हणाल्या, "बोला."

तो उभा राहिला, कोटाचं बटण लावलं. "बाईसाहेब, आम्ही घरी कधी जायचं? या माझ्या बायकोला इथली हवा सोसत नाही."

"घरी म्हणजे कुठे?"

"बुरूजर्द."

मिस हेपवर्थ काहीतरी म्हणाली, पण न्यायाधीशांनी आधीच पुढचं विचारलं होतं. "तिथे परत जायची तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भीती कसली? माझं दुकान आहे. माझा भाऊ आहे. आम्ही कळवलं तर बसस्थानकावर घ्यायला येईल."

सरकारी वकिलाने ते लिहून घेतलं. वर बघितलं नाही. तो वाईट माणूस होता असं म्हणता येणार नाही, लिहून झाल्यावर तो बराच वेळ पेनाचं टोपण लावत बसला.

न्यायाधीशांनी सुनावणी थांबवली. अहवाल आल्याशिवाय पुढे चालवणार नाही, म्हणाल्या. पुढची तारीख कळवतील.

बाहेर आल्यावर फरामर्ज खुशीत होता. "बघ, नीट विचारलं की माणसं ऐकतात," म्हणाला. गाडी सुटल्यावर त्याने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपला. किती वर्षांत त्याला अशी झोप लागली नव्हती. तळघर त्याच्या डोक्यातून गेलंय. रात्री ओरडत उठणं गेलं. हे मी देवाकडे मागितलं होतं, आणि आता ते मिळालं तर मी वकिलांच्या दारात बसून म्हणते, परत द्या.

२१ नोव्हेंबर
मिस हेपवर्थने स्वतः फोन केला. त्यांची कचेरी आश्रयाची कामं बंद करत आहे. ती सोडून जातेय, कुठे ते ठरलं नाही. फाइल न्यूकॅसलच्या ओकोरो नावाच्या वकिलांकडे जाईल. मी विचारलं, "तू बरी आहेस ना?" ती म्हणाली, "झोप येत नाही." मी म्हटलं, "दुधात थोडी वेलची घालून पी." दुसरं काय सांगणार.

१४ जानेवारी २०२५
तज्ज्ञांनी तपासलं. जे गेलं ते परत येणार नाही. जे आहे तेही राहणार नाही. औषधाने थोडा वेग कमी होईल.

अहवालात एवढंच येईल की फरामर्जला आठवत नाही. काय आठवत नाही, ते अहवाल सांगणार नाही. मी तज्ज्ञांना विचारलं, दोन वर्षांपूर्वी बोलावलं असतं तर? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. मग म्हणाले, तेव्हा ते बरंच काही सांगू शकले असते.

३ एप्रिल
आज ओकोरोसाहेबांकडे गेलो. मोठा, जड अंगाचा माणूस, आवाज मात्र हळू. दुभाषी इस्फहानचीच बाई होती, तिने आम्हाला ओळखलं. फरामर्जला ॲलनकडे ठेवणार होते, पण तो मी दिसले नाही की कावराबावरा होतो, म्हणून बरोबर नेला.

साहेब म्हणाले, "जुना जबाब त्यांच्या तोंडचा आहे. त्याला सरकारी बाजूने विरोध होणार. आता तुमचा जबाब हवा. तुम्ही जे पाहिलं, ऐकलं, ते. पहिल्यापासून सांगा."

मग मी सांगायला लागले. चौकातून ईरजला उचललं ते. प्रेत दिलं ते, मी स्वतः त्याचे पाय धुतले ते. कागद. रेडिओ. न्हाव्याचा पोरगा धावत आला ते. फरामर्ज सुटून आला त्या दिवशी त्याला घास मीच भरवला, कारण हातात काही धरता येत नव्हतं. तळघरातलं मी पाहिलेलं नाही, तेही सांगितलं. क्रॅडकसाहेबांपुढे जे ऐकलं तेवढंच मला माहीत आहे.

फरामर्ज माझ्या शेजारी बसून मन लावून ऐकत होता. ईरजचं नाव मी शक्यतो टाळत होते, "धाकटा भाऊ" म्हणत होते. मध्येच मी पाहिलं तर त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्याने खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले, नीट घडी घालून परत ठेवला. माझं सांगून संपल्यावर तो पुढे वाकला आणि मला अगदी अदबीने विचारलं, "आणि त्या माणसाच्या बायकोचं काय झालं?"

दुभाषी बाई माझ्याकडे बघायला लागली. तिने ते इंग्रजीत केलं नाही.

मी म्हटलं, "ती त्याच्याबरोबरच आहे."

"बरं झालं," तो म्हणाला आणि खुर्चीत मागे टेकला.

ओकोरोसाहेबांनी पेन थांबवून विचारलं, "काय म्हणाले ते?"

मी म्हटलं, "काही नाही. तुम्ही पुढचं विचारा."